मुदतीआधी फेडलेल्या कर्जाची किंमत

घर किंवा जमीन गहाण ठेवून घेतलेले कर्ज ठरलेल्या मुदतीच्या आत, पूर्ण किंवा काही अंशी, फेडून टाकले तर कर्ज देणारी संस्था मुद्दल आणि त्या दिवसापर्यंतचे व्याज यांखेरीज आणखी एक रक्कम मागू शकते. हे मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क. कर्जदारांच्या तोंडी दंड. त्याची अट करारातच छापलेली असते, सही करताना ती क्वचितच वाचली जाते आणि तिची आठवण बहुधा तीन प्रसंगी होते: घर विकायला काढले की, निवृत्तीचा फंड किंवा वडिलोपार्जित जमिनीचे पैसे हाती आले की, आणि दुसरी बँक कमी व्याजाने तेच कर्ज उचलायला तयार झाली की. या तिन्ही प्रसंगी कर्जदाराने कसलीही कसूर केलेली नसते. उलट घेतलेले पैसे तो लवकर परत करत असतो. मग दंड कशाचा? याचे उत्तर व्याजाचा दर स्थिर आहे की बदलता, यावर अवलंबून आहे. स्थिर दराच्या कर्जात या शुल्काला आर्थिक आधार आहे आणि तो मोजताही येतो. बदलत्या दराच्या कर्जात असा आधार सापडत नाही. तिथे हे शुल्क ग्राहकाला बाहेर पडू न देणारे कुंपण ठरते. भारतात या दोन्हींची गल्लत दीर्घकाळ चालली आणि तिचा भुर्दंड सामान्य गृहकर्जदारांनी सोसला.

शुल्क मोजण्याच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या आहेत. भारतात शिल्लक मुद्दलावर ठरावीक टक्के आकारण्याची रीत रुळली. बहुतेक ठिकाणी दोन टक्के, काही वित्तसंस्थांत चारपर्यंत, आणि वर वस्तू व सेवा कर. अमेरिकेत कुठे सहा महिन्यांचे व्याज, तर कुठे वर्षागणिक उतरत जाणारा टक्का. कॅनडात आणि जर्मनीत जुना दर आणि आजचा दर यांतल्या तफावतीवरून नुकसान काढले जाते. अनेक करारांत दरवर्षी मुद्दलाचा काही हिस्सा विनाशुल्क भरण्याची मुभा असते आणि त्यापुढच्या रकमेवरच आकारणी होते. टक्का लहान दिसला तरी तो कशावर मोजला जातो हे पाहावे लागते: मूळ मंजूर रकमेवर, शिल्लक मुद्दलावर, की प्रत्यक्ष फेडल्या जाणाऱ्या रकमेवर. यातच हजारो रुपयांचा फरक पडतो.

हा टक्का एवढा जाचक का होतो, हे समान मासिक हप्त्याच्या गणितातून कळते. पन्नास लाखांचे कर्ज, नऊ टक्के दर आणि वीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे ४४,९८६ रुपये येतो. पहिल्याच महिन्यात त्यातले ३७,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून जेमतेम साडेसात हजार वजा होतात. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरला तर कर्जदाराच्या खिशातून जवळजवळ सत्तावीस लाख रुपये गेलेले असतात, पण मुद्दल कमी झालेले असते अवघे साडेपाच-पावणेसहा लाख. शिल्लक उरते सुमारे ४४ लाख ३५ हजार. त्यावर दोन टक्के म्हणजे साधारण ८८,७०० रुपये, अर्थात दोन हप्त्यांइतकी रक्कम. कर्ज लवकर फेडण्याचा खरा फायदा सुरुवातीच्या वर्षांत असतो, कारण व्याजाचा मोठा वाटा तेव्हाच भरला जातो. आणि नेमक्या त्याच वर्षांत शिल्लक मुद्दल मोठे असल्यामुळे शुल्कही सर्वांत जड जाते. दहा-बारा वर्षांनंतर शुल्क हलके होते, पण तोवर वाचवण्याजोगे व्याजही बरेच कमी झालेले असते.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर गहाण सोडवण्याचा हक्क फार जुना आहे. भारतात तो १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६० व्या कलमात आला आहे. कर्ज फेडून गहाण सोडवण्याचा मालकाचा हक्क कोणत्याही कराराने कायमचा हिरावून घेता येत नाही, ही त्यामागची धारणा इंग्लंडच्या न्यायालयांतून आली. परंतु याच कलमात एक मर्यादा आहे. हक्क सुरू होतो तो मुद्दल देय झाल्यानंतर. मुदत भरण्याआधी पैसे घेतलेच पाहिजेत, असे बंधन हे कलम धनकोवर घालत नाही. म्हणजे लवकर फेडण्याची मोकळीक करारातून मिळते, आणि जी गोष्ट करारातून मिळते तिची किंमतही करारात लावता येते.

या विचाराचा कस १९३९ साली लंडनच्या एका खटल्यात लागला. नाइट्सब्रिज भागातल्या मालमत्तांची मालक असलेल्या एका कंपनीने परिचारिकांच्या पेन्शन फंडाकडून ३ लाख १० हजार पौंडांचे कर्ज घेतले होते. फेड चाळीस वर्षांत, ऐंशी सहामाही हप्त्यांनी करायची होती. पुढे बाजारातले दर उतरले आणि कंपनीला कर्ज लवकर फेडून मोकळे व्हायचे होते. चाळीस वर्षे गहाणात अडकवून ठेवणे हा गहाण सोडवण्याच्या हक्कावर घातलेला पायबंद आहे, असे तिचे म्हणणे होते. अपील न्यायालयाने ते फेटाळले. दोन जाणत्या व्यावसायिक पक्षांनी बरोबरीच्या नात्याने केलेला व्यवहार नंतर एकाला गैरसोयीचा झाला म्हणून न्यायालय तो मोडणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. व्यावसायिक कर्जापुरता हा निकाल पटण्याजोगा आहे. पण छापील करारावर ठरलेल्या जागी सह्या करणारा गृहकर्जदार त्या कंपनीच्या जागी बसत नाही. तो एकही अट बदलून घेऊ शकत नाही, त्याच्याकडे वकील नसतो, आणि कर्ज नाकारले गेले तर बिल्डरला दिलेली रक्कम धोक्यात येते. बरोबरीच्या पक्षांसाठी घडलेला न्याय अशा विषम व्यवहाराला जसाच्या तसा लावणे हीच मुळातली चूक आहे.

आर्थिक तर्क समजण्यासाठी स्थिर दराचे कर्ज घ्यावे लागते. संस्थेने पाच टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी पैसे दिले, आणि ते देण्यासाठी स्वतः तेवढ्याच मुदतीच्या ठेवी किंवा रोखे घेतले. दोन वर्षांनी बाजारातला दर तीन टक्क्यांवर आला. कर्जदार पैसे परत करतो. संस्थेला आता तेच पैसे तीन टक्क्यांनी वापरावे लागतात. तिच्या ठेवीदाराला आणि रोखेधारकाला मात्र जुनाच दर उरलेली तीन वर्षे द्यायचा असतो. हे नुकसान खरे आहे. दर वाढले तर मात्र कर्जदार जागचा हलत नाही, स्वस्त कर्ज धरून बसतो. दर उतरले की निघून जायचे, चढले की थांबायचे, असा एकतर्फी पर्याय कर्जदाराच्या हाती असतो. त्या पर्यायाला किंमत आहे आणि ती कोणीतरी भरतेच. ती कोणी भरायची, यावर जगात तीन वेगळ्या वाटा निघाल्या.

पहिल्या वाटेने ती बाहेर पडणारा भरतो. कॅनडात स्थिर दराच्या कर्जावर तीन महिन्यांचे व्याज किंवा दरातल्या तफावतीची रक्कम, यांपैकी जे जास्त असेल ते घेण्याची रीत आहे. चार लाख डॉलर शिल्लक, दर पाच टक्के, तीन वर्षे बाकी, आणि आज तीन वर्षांच्या कर्जाचा दर तीन टक्के असेल तर दोन टक्क्यांची तफावत तीन वर्षांत सुमारे २४,००० डॉलर होते. तीन महिन्यांचे व्याज फक्त ५,०००. तेच दर वाढून सहा टक्के झाले असतील तर तफावतीचा प्रश्नच उरत नाही आणि पाच हजारांत सुटका होते. मात्र व्यक्तीला कायम अडकवून ठेवू नये म्हणून तिथल्या व्याजविषयक कायद्याने पाच वर्षांनंतर तीन महिन्यांच्या व्याजावर कर्ज फेडण्याचा हक्क दिला आहे. जर्मनीत नागरी संहितेच्या ४८९ व्या कलमानुसार, पूर्ण रक्कम हाती आल्यापासून दहा वर्षे झाली की सहा महिन्यांची सूचना देऊन कर्ज विनाभरपाई संपवता येते. त्याआधी मात्र हिशेबाने काढलेली भरपाई द्यावी लागते. फ्रान्सने कमाल मर्यादा बांधली: सहा महिन्यांचे व्याज, आणि तेही शिल्लक मुद्दलाच्या तीन टक्क्यांहून जास्त नाही. नोकरीचे ठिकाण बदलल्यामुळे घर विकावे लागले, कर्जदाराचा मृत्यू झाला किंवा सक्तीने काम थांबले, तर तेवढेही नाही.

दुसरी वाट अमेरिकेची. तिथले तीस वर्षांचे स्थिर दराचे नेहमीचे गृहकर्ज केव्हाही विनाशुल्क फेडता येते. पण फुकट काहीच नसते. ही कर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे विकले जातात, आणि ते घेणारा गुंतवणूकदार लवकर फेडीची जोखीम ओळखून जास्त परतावा मागतो. तो वाढीव दर सगळ्याच कर्जदारांवर बसतो. दर पडले की जे जागरूक आहेत, ज्यांची पत चांगली आहे आणि कागदपत्रे तयार आहेत, ते कर्ज बदलून घेतात. ज्यांना बातमी उशिरा कळते किंवा ज्यांची नोकरी गेलेली असते ते जुन्याच दराने भरत राहतात आणि पहिल्या गटाच्या सवलतीचा खर्चही उचलतात. स्थिर दराच्या कर्जावरचे शुल्क सरसकट रद्द करण्याची मागणी करणाऱ्यांनी या बाजूकडे डोळेझाक करू नये.

तिसरी वाट डेन्मार्कची, आणि न्यायाच्या कसोटीवर हीच सर्वांत भक्कम वाटते. १७९५ च्या आगीत कोपनहेगनचा मोठा भाग जळाला. पुनर्बांधणीला पैसे हवेत म्हणून १७९७ मध्ये तिथे पहिली गहाणकर्ज संस्था उभी राहिली. तेव्हापासून तिथले प्रत्येक स्थिर दराचे गृहकर्ज बाजारात विकल्या जाणाऱ्या रोख्यांशी जोडले जाते. दर उतरले तर कर्जदार दर्शनी किमतीला कर्ज फेडू शकतो. दर चढले की रोख्याची बाजारातली किंमत घसरते. तेव्हा कर्जदार आपल्या कर्जाएवढे रोखे बाजारातून उतरत्या किमतीला विकत घेऊन संस्थेकडे जमा करतो आणि कर्ज मिटवतो. शंभर क्रोनरचा रोखा ऐंशीला मिळत असेल तर शंभराचे कर्ज ऐंशीत फिटते. २०२२ मध्ये युरोपात दर झपाट्याने वाढले तेव्हा डेन्मार्कमधल्या अनेक घरमालकांनी याच मार्गाने आपले मुद्दल कमी करून घेतले. बाजार कोणत्याही दिशेने गेला तरी हिशेब खरा राहतो. नुकसान झाले तर भरपाई आणि फायदा झाला तर मात्र गप्प, असा एकांगीपणा त्यात नाही.

आता बदलत्या दराचे कर्ज घ्या. इथे व्याज बाजारासोबत हलते. बाजारात दर आठ टक्के झाला की कर्जाचा दरही त्याच्या आसपास येतो, निदान यायला हवा. कर्जदाराने पैसे परत केले तर संस्था त्याच दिवशीच्या दराने ते दुसऱ्याला देऊ शकते. जुन्या आणि नव्या दरांत तफावतच नसेल तर भरपाई कशाची? उरतात दोनच गोष्टी. एक, कर्ज उभे करताना झालेला खर्च: मूल्यांकन, कायदेशीर तपासणी, दलालाचे कमिशन. पण त्यासाठी प्रक्रिया शुल्क आधीच घेतलेले असते. दुसरी, त्या ग्राहकाकडून पुढची पंधरा वर्षे मिळाला असता तो नफा. दुकान बदलणाऱ्या ग्राहकाकडून कोणताही व्यापारी पुढच्या वर्षांचा नफा मागत नाही.

भारतीय गृहकर्ज जवळजवळ सगळे बदलत्या दराचेच आहे. बँकांकडे येणाऱ्या ठेवी एक-दोन-तीन वर्षांच्या असतात. त्यांच्या जोरावर वीस वर्षांचा दर बांधून देणे धोक्याचे असते. १९७७ मध्ये हसमुख ठाकोरदास पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी स्थापन केली, तिथून संघटित गृहकर्जाचा हा व्यवसाय वाढत गेला आणि २००० नंतर सरकारी आणि खासगी बँका त्यात मोठ्या प्रमाणावर उतरल्या. त्या सुमारास बारा-तेरा टक्क्यांच्या घरात असलेले दर तीन-चार वर्षांत साडेसात-आठपर्यंत खाली आले. नव्या ग्राहकाला खेचण्याची चढाओढ लागली. पण ‘बदलता’ म्हणून दिलेला दर प्रत्यक्षात संस्थेने स्वतःच ठरवलेल्या मूळ दराला जोडलेला होता. नव्या ग्राहकाला त्या मूळ दरावर मोठी सूट मिळे. जुन्याचा मूळ दर मात्र जागचा हलत नसे. बाजार वर गेला की वाढ तत्काळ लागू होई, खाली आला की मूळ दर महिनोन्महिने तसाच राही. एकाच संस्थेकडून, एकाच वसाहतीत, सारखाच पगार असलेले दोन शेजारी वेगवेगळ्या दराने व्याज भरत, आणि फरक एवढाच असे की एकाने कर्ज आधी घेतले होते.

जुन्या ग्राहकाने निघून जायचे ठरवले की दोन टक्क्यांचे कुंपण समोर येई. वरच्या उदाहरणातला कर्जदार पाच वर्षांनी साडेआठ टक्क्यांच्या बँकेकडे गेला तर उरलेल्या पंधरा वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे ४३,६७६ रुपये होतो, म्हणजे महिन्याला तेराशे रुपयांची बचत. ८८,७०० रुपयांचे शुल्क भरून निघायला पाच वर्षे आठ महिने लागतात. नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि मुद्रांकाचा खर्च वेगळाच. दर पूर्ण एक टक्क्याने कमी मिळाला तरी महिन्याला वाचतात सुमारे २,६०० रुपये आणि शुल्क वसूल व्हायला जवळपास तीन वर्षे जातात. याचा अर्थ असा की प्रतिस्पर्ध्याचा दर अर्ध्या टक्क्याने कमी असला तरी जुनी संस्था निर्धास्त राहू शके. दोन टक्के शुल्कातून थेट मिळणाऱ्या रकमेपेक्षा, न सुटलेल्या हजारो कर्जदारांनी भरलेले जास्तीचे व्याज हेच तिचे खरे उत्पन्न होते.

हा वाद भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला. २ डिसेंबर २०१० रोजी आयोगाने बहुमताने निर्णय दिला की या शुल्कामुळे स्पर्धा कायद्याचा भंग होत नाही. सदस्यांमध्ये मतभेद होते आणि ते आदेशात नोंदले गेले. त्याआधी काही आठवडे, १८ ऑक्टोबर २०१० रोजी, राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना सूचना केली होती की कर्जदार स्वतःच्या पैशातून कर्ज फेडत असेल तर शुल्क घेऊ नये. सूचना हितकारक होती, पण मूळ दुखणे तिने तसेच ठेवले. स्वतःचा पैसा असलेला सुटला. ज्याला दुसऱ्या संस्थेने स्वस्त कर्ज देऊ केले त्याच्यावर मात्र शुल्क कायम राहिले. ज्या प्रसंगी स्पर्धेने काम करायला हवे, नेमका तोच प्रसंग वगळला गेला. शिवाय पैसा स्वतःचा आहे हे कर्जदाराने सिद्ध करायचे. वर्षभरात ही उणीव दूर झाली: १९ ऑक्टोबर २०११ च्या परिपत्रकाने बदलत्या दराच्या कर्जावर, पैसा कुठूनही आलेला असो, शुल्क घेण्यास मनाई केली.

बँकांसाठी हा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतला. सेबीचे माजी अध्यक्ष एम. दामोदरन यांच्या अध्यक्षतेखालच्या, बँकांतील ग्राहकसेवेवरच्या समितीने २०११ मध्ये या शुल्काविरुद्ध मत दिले होते. एप्रिल २०१२ च्या धोरणात घोषणा झाली आणि ५ जून २०१२ च्या परिपत्रकाने बदलत्या दराच्या गृहकर्जावरचे शुल्क संपले. जुन्या आणि नव्या कर्जदारांमधला भेदभाव कमी व्हावा आणि बँकांमधल्या स्पर्धेने दर खाली यावेत, असे कारण रिझर्व्ह बँकेने त्यात दिले होते. ७ मे २०१४ रोजी व्यक्तींना दिलेल्या बदलत्या दराच्या सगळ्याच मुदत कर्जांना ही मनाई लागू झाली.

बँकांचा एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. ठेवीदार मुदत ठेव मध्येच मोडतो तेव्हा बँक व्याजात कपात करते. मग कर्जदाराने करार मध्येच संपवला तर त्याच्याकडून काहीच का घेऊ नये? साम्य वरवर दिसते तेवढे खरे नाही. ठेवीचा दर पहिल्या दिवशीच मुदतभर बांधलेला असतो आणि बँक त्याला बांधील असते. म्हणून ठेव मोडल्यावरची कपात ही स्थिर दराच्या करारातली भरपाई आहे. बदलत्या दराच्या कर्जात बँकेने कर्जदाराला कसलीही दरहमी दिलेली नसते. दर वाढण्याची सगळी जोखीम कर्जदाराच्या माथी असते. २०२२ च्या मे महिन्यापर्यंत चार टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला, तेव्हा कर्जदारांचे हप्ते वाढले किंवा मुदती निवृत्तीच्या वयापलीकडे लांबल्या. जोखीम एकाने उचलायची आणि बाहेर पडण्याचे शुल्कही त्यानेच द्यायचे, हा सौदा कोणत्याही हिशेबाने बसत नाही.

हे कुंपण किती घातक होऊ शकते, याचा दाखला अमेरिकेतल्या २००८ च्या अरिष्टापूर्वीच्या कर्जांत मिळतो. पत कमी असलेल्या कुटुंबांना पहिली दोन वर्षे कमी स्थिर दर आणि पुढची अठ्ठावीस वर्षे बदलता, पुष्कळच चढा दर, अशी कर्जे दिली गेली. यांतल्या बऱ्याच करारांत दोन-तीन वर्षांचे मुदतपूर्व शुल्क होते. चांगली पत असलेल्यांच्या नेहमीच्या कर्जांत ते अपवादानेच असे. ज्यांना सुटकेची सर्वाधिक गरज होती त्यांच्याच कर्जात ते आढळे. काही करारांत शुल्काचा काळ सवलतीच्या काळाहून लांब होता. हप्ता वाढल्यावर कर्ज बदलावे तर हजारो डॉलर शुल्क, न बदलावे तर हप्ता झेपेना, अशी कोंडी झाली. काही शुल्के घर विकल्यावरही लागत, काही फक्त कर्ज बदलल्यावर. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने आणि त्याखालच्या, १० जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनी बदलत्या दराच्या आणि महागड्या गृहकर्जांवरचे हे शुल्क बंद केले. स्थिर दराच्या मोजक्या सुरक्षित कर्जांवरच ते घेता येते: पहिल्या दोन वर्षांत कमाल दोन टक्के, तिसऱ्या वर्षी एक, त्यानंतर काही नाही. शिवाय असे शुल्क असलेले कर्ज देऊ करणाऱ्याने शुल्क नसलेला पर्यायही समोर ठेवलाच पाहिजे. भारतात या शेवटच्या अटीसारखी तरतूद अजून नाही, आणि ती असायला हवी.

मनाईने भारतातला प्रश्न सुटला, पण पुरता नाही. कर्ज दुसरीकडे नेण्याची धमकी दिल्यावर तीच संस्था दर कमी करून देते, मात्र त्यासाठी रूपांतर शुल्क मागते. जुन्या ग्राहकाला नव्या ग्राहकाचा दर मिळवण्यासाठी पैसे मोजावे लागतात, म्हणजे भेदभाव राहिला, फक्त त्याचे दर स्वस्त झाले. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची किरकोळ कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या मानदंडाला जोडणे सक्तीचे झाल्याने बँकांपुरता हा अन्याय बराच आटला. गृहवित्त कंपन्यांवर तशी सक्ती नाही आणि त्यांच्याकडे मूळ दर अजून त्यांच्याच हातात आहे. जोवर तो तसा आहे तोवर या कंपन्यांच्या ग्राहकाला शुल्कमाफीचा उपयोग स्वतः पाठपुरावा केला तरच होतो.

दुसरी उणीव धंद्यासाठी घर गहाण ठेवणाऱ्यांची होती. इचलकरंजीचा यंत्रमागधारक किंवा भोसरीतला लहान कारखानदार राहते घर तारण ठेवून भांडवल उभे करतो, तेव्हा कर्ज घराच्या तारणावर असूनही उद्देश व्यवसायाचा असल्याने संस्था शुल्क लावत. संस्थांमध्ये एकवाक्यता नव्हती. २ जुलै २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने मुदतपूर्व परतफेडीवर स्वतंत्र निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी व्यक्तींना दिलेल्या बदलत्या दराच्या कोणत्याही कर्जावर शुल्क नाही. व्यक्तींना आणि सूक्ष्म व लघु उद्योगांना व्यवसायासाठी दिलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर व्यापारी बँका, सर्वांत मोठ्या गटातल्या नागरी सहकारी बँका आणि वरच्या स्तरातल्या वित्तकंपन्या यांना शुल्क घेता येत नाही. लघुवित्त बँका, प्रादेशिक ग्रामीण बँका, राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका यांच्यावर ही मनाई पन्नास लाखांपर्यंतच्या कर्जापुरती आहे. पैसा कुठून आला हे विचारायचे नाही, किमान मुदतीची अट घालायची नाही. पहिली दोन-तीन वर्षे स्थिर आणि पुढे बदलता दर असलेल्या मिश्र कर्जात, फेड करण्याच्या दिवशी दर कोणत्या प्रकारचा आहे यावर निर्णय होतो. जिथे शुल्क घेता येते तिथे मुदत कर्जावर ते फेडल्या जाणाऱ्या रकमेवरच मोजायचे, आणि कर्जाच्या मुख्य तथ्यपत्रकात न दाखवलेले शुल्क नंतर आकारायचे नाही. महाराष्ट्रात गावोगावी असलेल्या पतसंस्थांना मात्र यातले काहीच लागू नाही. त्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली, राज्याच्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालतात. घर तारण ठेवून पतसंस्थेचे कर्ज घेणाऱ्या सभासदाला पोटनियम आणि कर्जरोखा हाच आधार उरतो. सहकार खात्याने याच धर्तीचा नियम करण्यात कोणतीही अडचण दिसत नाही.

स्थिर दराच्या कर्जाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने दर बदलण्याच्या वेळी कर्जदाराला स्थिर दराकडे वळण्याचा पर्याय द्यायला सांगितले. पण स्थिर दर घेणाऱ्यावर सरसकट दोन-तीन टक्के शुल्क लावायचे असेल तर त्याचा पाया तपासला पाहिजे. हा ठोक टक्का नुकसानीशी जुळत नाही. दर तीन टक्क्यांनी कोसळले आणि मुदत लांब असली तर संस्थेचे खरे नुकसान दोन टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. दर चढलेले असतील तर तिला नुकसान नाहीच, उलट स्वस्तात दिलेले पैसे परत येऊन महाग दराने वापरता येतात, आणि तरीही ती दोन टक्के घेते. ज्या वसुलीचा झालेल्या नुकसानीशी संबंध नाही तिला भरपाई म्हणता येत नाही. योग्य पद्धत अशी असू शकते: उरलेल्या मुदतीच्या सरकारी रोख्यांच्या दराशी तुलना करून भरपाई काढावी, दर चढले असतील तर ती शून्य असावी, शिल्लक मुद्दलाच्या विशिष्ट टक्क्यांवर आणि कर्जाच्या पहिल्या पाचएक वर्षांपलीकडे ती जाऊ नये, मृत्यू, नोकरी जाणे किंवा बदलीमुळे झालेली विक्री यांना ती लागू नसावी. हिशेबाचे सूत्र आणि नमुना उदाहरण तथ्यपत्रकात छापले तर सही करणाऱ्याला आपण कशाला बांधून घेतो आहोत हे आधीच कळेल. अशा नियमाने स्थिर दराची दीर्घ कर्जे देणे संस्थांनाही परवडू लागेल, आणि दरवाढीची जोखीम पेलू न शकणाऱ्या कुटुंबांना खराखुरा पर्याय मिळेल. शुल्क सरसकट बंद केले तर ती कर्जे बाजारात येणारच नाहीत.

कर्ज मुदतीआधी फेडताना प्रत्यक्षात काय करायचे, हेही या विषयाचाच भाग आहे. संस्थेकडे लेखी अर्ज करून अमुक तारखेपर्यंतचे देणे दाखवणारे पत्र घ्यावे लागते. त्यात मुद्दल, त्या दिवसापर्यंतचे व्याज, शुल्क आणि कर वेगवेगळे मांडलेले असतात. शुल्क दिसले तर करारातली अट, दराचा प्रकार आणि मंजुरीची तारीख यांच्याशी ते ताडून पाहावे. नियमबाह्य शुल्काबद्दल आधी संस्थेकडे लेखी तक्रार आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. थोडीच रक्कम भरायची असेल तर हप्ता कमी करायचा की मुदत, हे स्पष्ट लिहून द्यावे; मुदत कमी केल्यास व्याज जास्त वाचते. पूर्ण फेड झाल्यावर नादेय दाखला आणि मूळ खरेदीखतासह सगळी कागदपत्रे मिळायला हवीत. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार संस्थेने ती तीस दिवसांत परत करायची आणि नोंदणीतला बोजाही उतरवायचा असतो. तिच्यामुळे उशीर झाला तर दर दिवसामागे ५,००० रुपये भरपाई तिने कर्जदाराला द्यायची असते. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रकावर बँकेचा बोजा चढवलेला असेल तर तो कमी झाल्याची नोंद तलाठ्याकडे किंवा नगरभूमापन कार्यालयात जाऊन पाहून घ्यावी लागते, कारण ती राहून गेली तर घर विकताना कर्ज फिटल्याचा पुरावा पुन्हा गोळा करावा लागतो.